ऊर्जेचा सरवा : बिनतारी संवेदकांसाठी सूक्ष्म ऊर्जासंकलन

पीक कापून नेल्यावर शेतात गळून राहिलेली कणसे वेचण्यास मराठीत सरवा वेचणे असे म्हणतात. सरव्याने कोठार भरत नाही. परंतु ज्याची गरज मुळातच अल्प आहे त्याचा निर्वाह त्यावर होऊ शकतो. यंत्राचा थरथराट, त्याच्या पृष्ठभागावरून हवेत जाणारी उष्णता, खोलीतील मंद प्रकाश आणि अवकाशात पसरलेले रेडिओ तरंग या सर्व रूपांत मोठ्या उद्योगाच्या दृष्टीने वाया गेलेली ऊर्जा विखुरलेली असते. ती वेचून लहानशा विद्युत् मंडलास पुरविणे यास सूक्ष्म ऊर्जासंकलन अशी संज्ञा आहे. ज्या भौतिक परिणामांवर ही विद्या उभी आहे ते जुनेच आहेत. सीबेक याने ऊष्माविद्युत् परिणाम १८२१ मध्ये, फॅराडे याने विद्युत् चुंबकीय प्रवर्तन १८३१ मध्ये आणि झाक व प्येर क्यूरी या बंधूंनी दाबविद्युत् १८८० मध्ये शोधून काढली. नवीन आहे ते दुसऱ्या बाजूस : विसाव्या शतकाच्या अखेरीस विद्युत् मंडलांची भूक इतकी कमी झाली की सरव्यावर त्यांचा निर्वाह होण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली.

या विषयासंबंधी फुकटची व अक्षय वीज अशा शब्दांत पुष्कळदा लिहिले जाते. त्यात तथ्य किती आणि अतिशयोक्ती किती, हे आकड्यांवाचून कळणे शक्य नाही. म्हणून प्रस्तुत लेखात एकच उदाहरण आरंभापासून अखेरपर्यंत घेतले आहे. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात एक प्रवर्तन चलित्र, म्हणजे सर्वत्र आढळणारी चार ध्रुवांची इंडक्शन मोटर, चालू आहे. तिच्या बेअरिंगवर एक बिनतारी संवेदक बसवावयाचा आहे. बेअरिंगचे तापमान व कंपन मोजून, बिघाडाची चाहूल लागताच त्याने नियंत्रण कक्षास कळवावे, अशी अपेक्षा आहे. त्यास तार जोडावयाची नाही. प्रश्न असा की, त्याने जगावे कशावर?

१. गरज किती?

बिनतारी संवेदकाचे आयुष्य बहुतांशी निद्रेत जाते. समजा, निद्रावस्थेत तो ३ व्होल्ट दाबावर १ मायक्रोअँपियर प्रवाह घेतो. म्हणजे ही झोप ३ मायक्रोवॅटची झाली. जागा झाल्यावर त्याची तीन कामे असतात. पहिले, कंपनमापकाने एक सेकंदभर कंपनाची नोंद घेणे. ३ मिलिअँपियर प्रवाह धरल्यास यास ९ मिलिज्यूल ऊर्जा लागते. दुसरे, त्या नोंदीचे गणित करून बिघाडाची लक्षणे निवडून काढणे. १० मिलिवॅट शक्तीने अर्धा सेकंद काम केल्यास त्यास ५ मिलिज्यूल लागतात. तिसरे, निष्कर्षाचे काही आकडे प्रक्षेपित करणे. प्रक्षेपकाची शक्ती ४५ मिलिवॅट व काल १० मिलिसेकंद धरल्यास यास अवघे ०.४५ मिलिज्यूल पुरतात. एकूण बेरीज सुमारे १४.५ मिलिज्यूल होते. हे चक्र दर दहा मिनिटांनी एकदा झाले तर सरासरी २४ मायक्रोवॅट, आणि त्यात निद्रेचे ३ मिळवून २७ मायक्रोवॅट, अशी संवेदकाची गरज निघते.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. प्रक्षेपण हेच सर्वांत खर्चिक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. येथे मात्र मापन आणि गणन हेच महाग ठरले आहेत. याचे कारण असे की, गणित जागेवरच केल्यामुळे पाठवावयाचे आकडे थोडे राहिले. तेच गणित टाळून संपूर्ण नोंद पाठविली असती तर काय झाले असते? सेकंदाला दहा हजार वाचने आणि प्रत्येकास सोळा अंक धरल्यास १,६०,००० द्विमान अंक होतात. सेकंदाला अडीच लाख अंक या वेगाने ते पाठविण्यास ०.६४ सेकंद, आणि म्हणून सुमारे २९ मिलिज्यूल लागले असते. पाच मिलिज्यूलचे गणित करून एकोणतीस मिलिज्यूलचे प्रक्षेपण वाचते. यास्तव उत्पन्न वाढविण्यापूर्वी खर्चाची मांडणी तपासणे, ही ऊर्जासंकलनाची पहिली पायरी होय.

२. घटाशी तुलना

ऊर्जासंकलनाचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे साधा विद्युत् घट. नाण्याच्या आकाराच्या ३ व्होल्टच्या लिथियम घटात २२५ मिलिअँपियर-तास विद्युत् भार असतो. ज्यूलमध्ये ही ऊर्जा सुमारे २,४३० भरते. २७ मायक्रोवॅटच्या संवेदकास ती पावणेतीन वर्षांहून थोडी अधिक काळ पुरेल. बोटाएवढ्या, ३.६ व्होल्ट व २.४ अँपियर-तासांच्या लिथियम-थायोनिल क्लोराइड घटात सुमारे ३१,००० ज्यूल असतात. कागदावर भागाकार केल्यास तो छत्तीस वर्षे पुरावयास हवा. परंतु घटाची अंतर्गत झीज व उष्णता यांमुळे तेवढा काळ तो टिकणार नाही. दहा वर्षांची अपेक्षा मात्र अवास्तव नव्हे.

म्हणजे दर दहा मिनिटांनी एकदा बोलणाऱ्या एकट्या संवेदकासाठी ऊर्जासंकलनाची खटपट करणे बहुधा व्यर्थ होय. हा निष्कर्ष या विषयाच्या उत्साही पुरस्कर्त्यांस रुचणार नाही, पण तो टाळता येत नाही. चित्र पालटते ते दोन परिस्थितींत. मापन दर मिनिटास करावयाचे झाल्यास गरज २४५ मायक्रोवॅटच्या घरात जाते आणि तोच मोठा घट चार वर्षांत संपतो. आणि असे एक हजार संवेदक एखाद्या कारखान्यात असतील तर वर्षास अडीचशे घट बदलावे लागतात. म्हणजे जवळजवळ प्रत्येक कामाच्या दिवशी कोणीतरी शिडी लावून, यंत्र थांबवून किंवा चालत्या यंत्राशेजारी उभे राहून घट बदलीत असावयास हवे. तेथे किंमत घटाची नसते, माणसाच्या श्रमाची व जोखमीची असते. ऊर्जासंकलनाचे समर्थन करावयाचे ते या पायावर.

३. कंपनापासून वीज

कंपनातून वीज मिळविण्याच्या साधनाची मूळ रचना सोपी आहे. एका चौकटीत स्प्रिंगला टांगलेले वस्तुमान असते. चौकट यंत्राबरोबर हलते; वस्तुमान आपल्या जडत्वामुळे मागे रेंगाळते; या दोहोंच्या सापेक्ष गतीतून वीज काढली जाते. वस्तुमानावर चुंबक व चौकटीवर वेटोळे बसविले की ते विद्युत् चुंबकीय जनित्र होते. स्प्रिंगवर दाबविद्युत् पदार्थाचा थर दिला की ते दाबविद्युत् जनित्र होते. या रचनेचे सर्वसाधारण विश्लेषण ब्रिटनमधील शेफील्ड विद्यापीठाच्या विल्यम्स व येट्स यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केले व ते आजही पायाभूत मानले जाते.

त्याचे सार थोडक्यात असे मांडता येते. वस्तुमानावर लागणारे बल म्हणजे वस्तुमान गुणिले चौकटीचा प्रवेग. स्प्रिंगची नैसर्गिक कंप्रता यंत्राच्या कंप्रतेशी जुळली, म्हणजे अनुस्पंदन साधले, की हे बल व सापेक्ष वेग एकाच कलेत येतात आणि वस्तुमानाची गती केवळ अवमंदनामुळे मर्यादित राहते. अवमंदन दोन प्रकारचे असते : हवा व स्प्रिंग यांतील घर्षणाचे, जे वाया जाते, आणि वीज काढून घेतल्यामुळे होणारे, जे उपयोगी पडते. ही दोन्ही समान असताना भारात मिळणारी शक्ती महत्तम होते. तिचे मूल्य, वस्तुमान गुणिले प्रवेगाचा वर्ग, भागिले सोळा गुणिले कोनीय कंप्रता गुणिले यांत्रिक अवमंदन गुणोत्तर, एवढे असते.

आता पंपघरातील मोटरीकडे वळावे. वस्तुमान १० ग्रॅम, प्रवेगाचा परमप्रसर सेकंदवर्गास १ मीटर, कंप्रता १०० हर्ट्झ व यांत्रिक अवमंदन गुणोत्तर ०.००५ घेतल्यास सूत्रावरून सुमारे २०० मायक्रोवॅट मिळतात. चौकट या वेळी अवघी अडीच मायक्रोमीटर हलत असते, पण अनुस्पंदनामुळे वस्तुमान तिच्या पन्नासपट, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाइतके झुलते. प्रवेगाचा वर्ग सूत्रात येतो ही गोष्ट मात्र विसरता कामा नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्क्ली येथील राउंडी, राइट व राबे यांनी २००३ मध्ये घरातील व कारखान्यातील अनेक वस्तूंची कंपने मोजून प्रसिद्ध केली. त्यांच्या कोष्टकात लहान मायक्रोवेव्ह भट्टीचा प्रवेग सेकंदवर्गास सुमारे अडीच मीटर, तर शीतकपाटाचा केवळ ०.१ मीटर आहे. प्रवेगांचे हे प्रमाण पंचवीसपटीचे. म्हणून एकाच कंप्रतेला व एकाच वस्तुमानाने मिळणाऱ्या शक्तीत सहाशे पंचवीसपट अंतर पडते. ‘कंपन आहे, म्हणून वीज मिळेल’ हे विधान त्यामुळे अर्थशून्य ठरते. कंपन किती आणि कोणत्या कंप्रतेचे, हे मोजल्यावाचून काहीच म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष साधनांपैकी साउदॅम्प्टन विद्यापीठात घडविलेले व बीबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वर्णिलेले विद्युत् चुंबकीय जनित्र नमुनेदार आहे. त्याचे आकारमान ०.१५ घन सें. मी., अनुस्पंदन कंप्रता ५२ हर्ट्झ आणि वेटोळ्याचे फेरे २,३०० आहेत. सेकंदवर्गास ०.५९ मीटर इतक्या सौम्य प्रवेगावर त्याने ४,००० ओहम रोधात ४६ मायक्रोवॅट शक्ती दिली. परिसराकडून मिळालेल्या शक्तीपैकी सुमारे ३० टक्के भारात पोचली. त्याच विद्यापीठातून निघालेल्या परपेच्युअम या संस्थेची याच तत्त्वावरील मोठी साधने पुढे ब्रिटनमधील रेल्वेगाड्यांच्या बेअरिंगवर बसविण्यात आली.

साधन जितके लहान तितके चांगले, असे मात्र नाही. वस्तुमान बाजूच्या घनाच्या प्रमाणात घटते आणि झुलण्यास मिळणारी जागा बाजूच्या प्रमाणात घटते. म्हणून जेथे जागेमुळेच गतीवर मर्यादा येते तेथे शक्ती बाजूच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात उतरते. प्रत्येक बाजू निम्मी केली की शक्ती एक सोळांश राहते. प्रकाशघटाच्या बाबतीत तेच कृत्य केल्यास शक्ती केवळ एक चतुर्थांश होते. सूक्ष्मीकरणाचा दंड कंपनजनित्रास सर्वांत जबर बसतो.

४. अनुस्पंदनाची किंमत

अनुस्पंदनाने पन्नासपट गती मिळते. पण ती एका अरुंद पट्ट्यातच. १०० हर्ट्झला जुळविलेल्या वरील साधनाचा अर्धशक्ती पट्टा केवळ २ हर्ट्झ रुंद आहे. त्यामुळे मोटरीच्या अनेक कंपनांपैकी कोणते निवडावे, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

चार ध्रुवांच्या मोटरीची समकालिक गती ५० हर्ट्झ पुरवठ्यावर मिनिटास १,५०० फेरे असते. भार नसताना ती मिनिटास सुमारे १,४९५ फेरे, म्हणजे २४.९ हर्ट्झने फिरते. पूर्ण भाराखाली १,४४० पर्यंत, म्हणजे २४ हर्ट्झपर्यंत उतरते. या कंप्रतेला जुळविलेल्या तितक्याच तीक्ष्ण साधनाचा पट्टा अर्ध्या हर्ट्झहूनही अरुंद असेल. भार बदलताच मोटर त्या पट्ट्याबाहेर जाईल आणि संवेदक उपाशी राहील.

याउलट मोटरीत आणखी एक कंपन असते. स्थिर भाग व फिरता भाग यांमधील चुंबकीय ओढ चुंबकीय स्रोताच्या वर्गाच्या प्रमाणात असते. स्रोताची दिशा उलटली तरी ओढ ओढच राहते. म्हणून ५० हर्ट्झच्या स्रोतामुळे १०० हर्ट्झचे कंपन निर्माण होते. त्याचा मोटरीवरील भाराशी संबंध नाही. त्याची कंप्रता केवळ विद्युत् जालावर अवलंबून आहे. भारतीय विद्युत् जालसंहितेने ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा पट्टा विहित केला आहे. त्याच्या दुप्पट म्हणजे ९९.८ ते १००.१ हर्ट्झ. साधनाच्या २ हर्ट्झ पट्ट्यात तो सहज सामावतो. अमेरिकेत पुरवठा ६० हर्ट्झचा असल्याने तेथील घरगुती यंत्रांचे कंपन १२० हर्ट्झच्या आसपास आढळते. तेथील साधन येथे आणून बसविल्यास ते जवळजवळ निरुपयोगी ठरेल. जालाच्या शिस्तीचा फायदा असा मोटरीवरील एका इवल्या वस्तुमानापर्यंत पोचतो. मात्र पंप वेगनियंत्रकावर चालविला जात असेल, तर त्याच्या पुरवठ्याची कंप्रता मुद्दामच बदलती ठेवलेली असते आणि हा सर्व आधार नाहीसा होतो.

पट्टा रुंद करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. इटलीतील पेरूजा विद्यापीठाच्या कोत्तोने, व्होक्का व गम्माइतोनी यांनी २००९ मध्ये दोन स्थिर स्थितींत उड्या मारणाऱ्या अरेषीय दोलकाचा पुरस्कार केला. यादृच्छिक कंपनांत तो सरस ठरू शकतो. परंतु उडी मारण्यासाठी मधली टेकडी ओलांडण्याइतके कंपन त्यास मिळाले पाहिजे. अरुंद पट्ट्यातील मोठी प्राप्ती आणि रुंद पट्ट्यातील लहान प्राप्ती यांतून निवड ही करावीच लागते.

५. उष्णता

मोटरीचे कवच परिसराहून ३० अंशांनी उष्ण आहे असे धरावे. त्यावर बिस्मथ टेल्युराइडच्या १२७ जोड्यांची, ४ सें. मी. बाजूची ऊष्माविद्युत् पट्टी व तिच्यावर हवेत उष्णता सोडणारे पंखे बसविले. येथे एक फसगत होण्याचा संभव असतो. पट्टीला ३० अंशांचा फरक मिळेल, असे वाटते. पण उष्णतेस खरा अडथळा पट्टीत नसून स्थिर हवेत असतो. पंख्यांचा ऊष्मीय रोध वॅटमागे १० अंश व पट्टीचा २ अंश धरल्यास अडीच वॅट उष्णता वाहते आणि पट्टीच्या वाट्यास ३० पैकी केवळ ५ अंश येतात. दर जोडीस अंशामागे ०.४ मिलिव्होल्ट याप्रमाणे उघड्या मंडलात सुमारे २५० मिलिव्होल्ट दाब मिळतो. अंतर्गत रोध २.५ ओहम असता जुळविलेल्या भारात ६ मिलिवॅटहून थोडी अधिक शक्ती निघते.

अडीच वॅट उष्णतेतून सहा मिलिवॅट, म्हणजे चार सहस्रांश अंशापेक्षाही कमी कार्यक्षमता दिसते. परंतु ती पट्टीची अब्रू घालवणारी नाही. ५ अंशांच्या फरकावर कार्नोची कमाल मर्यादाच दीड टक्क्याची आहे. आणि तरीही कंपनजनित्राच्या २०० मायक्रोवॅटपुढे ही प्राप्ती तीसपट आहे. पंपघरातील मोटरीपुरते बोलावयाचे तर उष्णता हा कंपनाहून संपन्न स्रोत होय. त्याचा दोष निराळा : मोटर सुरू झाल्यावर कवच तापण्यास वेळ लागतो. गुण असा की, मोटर बंद झाल्यावरही काही काळ प्राप्ती चालू राहते. शिवाय बेअरिंग बिघडून अधिक तापू लागले तर, पट्टी त्याच्या जवळ असल्यास, संवेदकाची प्राप्ती नेमकी संकटाच्या वेळी वाढते.

६. प्रकाश आणि रेडिओ तरंग

भर उन्हात चौरस सेंटिमीटरवर १०० मिलिवॅट प्रकाशशक्ती पडते. तेथे अन्य स्रोतांचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. घरात मात्र परिस्थिती पार बदलते. वाचनास योग्य अशा ५०० लक्स प्रकाशात, आधुनिक पांढऱ्या दिव्याचा एक वॅट प्रकाश सुमारे ३०० ल्यूमेन धरल्यास, चौरस सेंटिमीटरवर १६७ मायक्रोवॅट पडतात. शेकडा सहा कार्यक्षमतेचा प्रकाशघट त्यातून १० मायक्रोवॅट देईल. पंपघरात ५० लक्सच असतील तर १ मायक्रोवॅट उरेल, आणि घटावर धूळ बसली की तोही कमी होईल.

रेडिओ तरंगांची स्थिती याहून बिकट आहे. १ वॅट शक्तीचा सर्व दिशांना सारखे तरंग सोडणारा प्रक्षेपक १० मीटरवर असता चौरस सेंटिमीटरमधून अवघे ०.०८ मायक्रोवॅट जातात. ८६५ मेगाहर्ट्झला साध्या द्विध्रुव आकाशकाचे प्रभावी क्षेत्र सुमारे १५० चौ. सें. मी. असल्याने त्यास १२ मायक्रोवॅट मिळतील. एकदिशीकरणानंतर त्यातीलही एक भागच हाती लागेल. अंतर दुप्पट झाले की प्राप्ती चौथाई होते. म्हणून वातावरणातील आयत्या तरंगांवर विसंबण्यापेक्षा मुद्दाम तरंग पाठवून अल्प काळ ऊर्जा पुरविणे, हाच या स्रोताचा यशस्वी उपयोग होय. भारतातील राष्ट्रीय महामार्गांच्या पथकर नाक्यांवर फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झालेला फास्टॅग हे त्याचे परिचित उदाहरण आहे. मोटारीच्या काचेवरील त्या चिकटपट्टीत घट नसतो; नाक्यावरील वाचकाने पाठविलेल्या तरंगांवरच ती जागी होते व उत्तर देते.

अशाच नेमक्या क्षणी मिळणाऱ्या ऊर्जेचा आणखी एक नमुना म्हणजे सीमेन्समधून २००१ मध्ये वेगळ्या झालेल्या एनओशन या जर्मन संस्थेचे तारविरहित दिव्याचे बटण. बोटाने बटण दाबताच आतील लहानसे जनित्र १०० ते २०० मायक्रोज्यूलच्या आसपास ऊर्जा देते आणि तेवढ्यात संदेश निघून जातो. जी कृती कळवावयाची तीच कृती ऊर्जाही पुरविते. गरज आणि पुरवठा यांची वेळ एकच असल्यामुळे साठवणीचा प्रश्न तेथे जवळजवळ उरतच नाही.

७. जुळवणी व साठवण

मिळालेली वीज जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. साउदॅम्प्टनच्या जनित्राचा दाब ४२८ मिलिव्होल्ट, म्हणजे शिखरास सुमारे ०.६ व्होल्ट होता. साध्या सिलिकॉनच्या चार द्विप्रस्थांचा सेतू वापरल्यास प्रवाहास एका वेळी दोन द्विप्रस्थ ओलांडावे लागतात व त्यांतच १.२ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणजे ४६ मायक्रोवॅट निर्माण होऊनही हाती शून्य येईल! ऊष्माविद्युत् पट्टीचा दाब एकदिश असला तरी जुळविलेल्या भारावर तो १२५ मिलिव्होल्टच राहतो. यासाठी रोहित्राच्या साहाय्याने दोलन करून दाब वाढविणारी मंडले योजतात; २० मिलिव्होल्टपासून सुरू होणारी अशी मंडले बाजारात उपलब्ध आहेत. स्रोत व भार यांची जुळवणीही सतत राखावी लागते : ऊष्माविद्युत् पट्टीस तिच्या उघड्या दाबाच्या निम्म्यावर, तर प्रकाशघटास साधारण तीन चतुर्थांशावर चालविणे हितकर असते. या सर्व व्यवहारात निम्मी शक्ती गेली असे धरल्यास कंपनजनित्राच्या २०० पैकी १०० मायक्रोवॅट संवेदकास मिळतील. २७ मायक्रोवॅटच्या गरजेस मोटर दिवसातून साडेसहा तास चालणे पुरेसे होईल.

परंतु उरलेल्या साडेसतरा तासांचे काय? संवेदकाने आपले काम पूर्ववत चालू ठेवावयाचे असल्यास १.७ ज्यूल साठविले पाहिजेत. अर्ध्या फॅरडचे अतिधारित्र ५ व्होल्टपासून ३ व्होल्टपर्यंत उतरताना ४ ज्यूल देते. म्हणजे ते पुरेसे दिसते. तथापि त्यातील गळती ५ मायक्रोअँपियर असेल, तर ५ व्होल्टला ती २५ मायक्रोवॅट होते. संवेदक खातो जवळजवळ तेवढेच त्याचे कोठारही खाते. म्हणून धारित्र मोठे घेण्यापेक्षा मोटर थांबताच मापन थांबविणे व केवळ निद्रेचे ३ मायक्रोवॅट चालू ठेवणे शहाणपणाचे ठरते. त्यास रात्रभरासाठी एक पंचमांश ज्यूल पुरते व लहान, कमी गळतीचे धारित्र चालते.

८. संवेदकाचे मौन

येथे या विषयातील सर्वांत नाजूक प्रश्न उभा राहतो. मोटर बंद असता तिच्या बेअरिंगवर लक्ष ठेवण्याची गरज नसते. म्हणून तिच्याच कंपनावर जगणारा संवेदक तिच्याबरोबर झोपला तर बिघडत नाही, असा युक्तिवाद केला जातो. सतत चालणाऱ्या पंपाच्या बाबतीत तो योग्यही आहे. पण त्याच पंपघरात आग विझविण्यासाठी राखून ठेवलेला पंप असेल तर? तो महिनोन्महिने स्थिर असतो. त्याच्याविषयी कळावयास हवे ते तो स्थिर असतानाच. आणि त्याच वेळी कंपनही नसते, उष्णताही नसते. तेथे यंत्राच्या सरव्यावर संवेदक बसविणे म्हणजे पहारेकऱ्याचे वेतन चोरीच्या दिवशीच देण्याजोगे आहे.

चालत्या मोटरीच्या बाबतीतही मौनाचा अर्थ संदिग्ध राहतो. संदेश आला नाही, तर मोटर बंद असेल. अथवा जनित्राचा स्क्रू सैल होऊन अनुस्पंदन बिघडले असेल. अथवा संवेदकच निकामी झाला असेल. घटावर चालणाऱ्या संवेदकाचे मौन म्हणजे दोष, हे निश्चित सांगता येते. संकलित ऊर्जेवर चालणाऱ्याचे मौन तसे बोलके नसते. ज्याच्यावर माणसांचे पाणी किंवा प्राण अवलंबून आहेत अशा ठिकाणी ही संदिग्धता चालणार नाही.

यावर उपाय आहे व तो महागही नाही. मापनाचे खर्चिक काम संकलित ऊर्जेवर सोपवावे, आणि ‘संवेदक जिवंत आहे’ एवढाच संदेश देण्यासाठी नाण्याएवढा घट राखून ठेवावा. असा अर्ध्या मिलिज्यूलचा संदेश दर तासाने पाठविल्यास त्याचा सरासरी भार ०.१४ मायक्रोवॅट पडतो, निद्रेसह ३.१४ मायक्रोवॅट. २,४३० ज्यूलचा घट कागदोपत्री चोवीस वर्षे पुरेल. म्हणजे त्याचे आयुष्य संदेशांनी नव्हे तर त्याच्या स्वतःच्या रासायनिक झिजेने ठरेल. याच्या जोडीला नियंत्रण फलकावरून मोटर चालू आहे की नाही हे कळतच असते. संदेश येतो, मोटर चालू आहे, तरी मापन नाही, असे आढळल्यास दोष जनित्रात आहे, हे तत्काळ ठरते. मौनाला अर्थ प्राप्त होतो.

वरील विवेचनावरून निघणारे निष्कर्ष विनम्र आहेत. संकलित ऊर्जा फुकट नसते. तिचे मूल्य वस्तुमानात, क्षेत्रात, जुळवणीत आणि विशेषतः अनिश्चिततेत चुकवावे लागते. स्रोताची निवड सरासरी शक्तीवरून न करता, ती केव्हा मिळते आणि केव्हा हवी असते, हे दोन कालपट शेजारी ठेवून करावी. ते जुळले तर दिव्याच्या बटणासारखे सुटसुटीत साधन निर्माण होते. न जुळल्यास कितीही मोठे कोठार ती उणीव भरून काढू शकत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यास या क्षेत्रात काम करावयाचे असल्यास त्याने नवे जनित्र कल्पिण्यापूर्वी कंपनमापक व तापमापक घेऊन एखाद्या पंपघरात पूर्ण आठवडाभर, रात्र व सुट्टीच्या दिवसांसह, नोंदी घ्याव्यात. सरवा वेचण्यापूर्वी शेतात किती कणसे पडली आहेत हे पाहणे, एवढाच त्याचा अर्थ.